परीक्षा आणि सभा : एका आठवड्याच्या निमित्ताने



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने तिरोडीत दोन शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. निमंत्रणाच्या पत्रातच चिटणीसांनी एक अडचण मोकळेपणाने कळविली होती. गुरुजींचा स्मृतिदिन मागेपुढे करता येत नाही आणि यंदा अर्धवार्षिक परीक्षा नेमक्या त्याच आठवड्यात आल्या आहेत. सकाळी पेपर आणि सायंकाळी बाहेरगावच्या वक्त्यांची भाषणे, असा पाच दिवसांचा क्रम होणार. काही पालकांच्या मते हे मुलांवर ओझे आहे. व्याख्याने महिनाभर पुढे न्यावीत. ‘आपले मत कळवावे,’ असे शेवटी लिहिले होते. मी उलट टपाली कळविले की, व्याख्याने पुढे ढकलू नयेत.

उत्तर पाठवून झाले, पण मन स्वस्थ बसेना. आपण सल्ला दिला तो विचार करून दिला की केवळ वक्त्याच्या अभिमानाने दिला? काल आणि परवा मी मुद्दाम मागच्या बाकावर बसून आधीच्या वक्त्यांना ऐकले. भाषणे चांगली होती. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने मात्र मांडीवर गणिताची वही उघडली होती. टाळ्या पडल्या की तो वही मिटून टाळ्या वाजवी आणि पुन्हा वही उघडी. त्याला दोष द्यावा असे मला वाटले नाही. पालकांची तक्रार आणि माझा सल्ला यांतले खरे काय, हा प्रश्न त्या मुलाने माझ्यासमोर ठेवला. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने घेतलेला शोध आहे.

आज आपण असे गृहीत धरतो की, परीक्षा ही एक गोष्ट आणि सभा ही दुसरी. एक वर्गात होते, दुसरी सभागृहात. एकीला गुण असतात, दुसरीला टाळ्या. परंतु दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. परीक्षा हीच सभा होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील मुलींच्या शाळांच्या परीक्षा १८५२ आणि १८५३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात झाल्या, त्या चार भिंतींआड झाल्या नाहीत. त्या जाहीर होत्या. साहेब लोक आले, शहरातील प्रतिष्ठित आले आणि या प्रयत्नाकडे संशयाने पाहणारे सामान्य लोकही मोठ्या संख्येने जमले. मुलींना प्रश्न विचारले गेले ते सर्वांदेखत आणि त्यांनी उत्तरे दिली तीही सर्वांदेखत. त्या दिवशी परीक्षा मुलींची झाली खरी, पण गावाचीही झाली. मुली शिकू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्या गावाला ती उत्तरे ऐकून घ्यावी लागली.

खेड्यापाड्यांतील शाळांतही याच रीतीचे एक लहान रूप होते. शिक्षणखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्यांना लोक सरळ ‘दिपोटी’ म्हणत, घोड्यावरून किंवा दमणीतून गावी येत. शाळा सारवली जाई, तोरण लागे, पाटील-कुळकर्णी येऊन बसत. दिपोटी मुलांना उभे करून वाचन, पाढे, हिशेब विचारीत आणि शेवटी चार शब्द उपदेशाचे बोलत. परीक्षक आणि पाहुणा वक्ता ही एकच व्यक्ती होती. आज या शाळेत एकाच आठवड्यात जमलेले पेपर आणि व्याख्याने पाहताना मला वाटते की, वेगळे निघालेले दोन भाऊ आठवडाभर पुन्हा एका घरात राहायला आले आहेत.

मग ते वेगळे कधी आणि का झाले? याचे उत्तर केवळ आपल्या देशात सापडत नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १८४५ पर्यंत शाळांची वार्षिक परीक्षा अशीच तोंडी आणि जाहीर असे. त्या वर्षी होरेस मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या जागी छापील प्रश्नांची लेखी परीक्षा घेतली. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. तोंडी परीक्षेत एका मुलाला सोपा प्रश्न येतो, दुसऱ्याला अवघड. धीट मूल तरते, लाजाळू बुडते. शिक्षक आपली हुशार मुले पुढे करतो. लेखी परीक्षेत सर्वांना एकच प्रश्न आणि एकच वेळ. आपल्याकडे १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती प्रारंभी शिकविणारी नव्हती, परीक्षा घेणारी होती. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. १३२ उमेदवार बसले, २२ उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे त्यांपैकी एक.

लेखी परीक्षेचे हे देणे आपण विसरता कामा नये. पाकिटावरची मोहोर आणि उत्तरपत्रिकेवरचा क्रमांक या दोन गोष्टींनी परीक्षकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. उत्तर कोणाच्या मुलाचे, कोणत्या जातीचे, कोणत्या गावचे, हे त्याला कळेनासे झाले. ज्या समाजात मुलाने वर्गात कुठे बसावे हेही जातीवरून ठरे, त्या समाजात ही पट्टी लहानसहान गोष्ट नव्हती. म्हणून जे परीक्षेची सरसकट निंदा करतात त्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

पण एक गोष्ट हरवली. प्रश्न विचारणारा दिसेनासा झाला. आणि तो किती दूर गेला, हे तिरोडीसारख्या गावात जितके स्पष्ट दिसते तितके पुण्या-मुंबईत दिसत नाही.

बालाघाट जिल्हा भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून १८६७ पासून आकाराला आला. ब्रिटिश अमदानीत तो मध्यप्रांताच्या नागपूर विभागात होता. मध्यप्रांतातील मुलांची प्रवेश परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठाची असे. १८८७ साली अलाहाबाद विद्यापीठ निघाल्यानंतर हा प्रांत त्याच्याकडे गेला. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा कुठे प्रश्न काढणारे गाव आगगाडीने एका दिवसात गाठता येईल इतके जवळ आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या मध्यप्रदेशातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, त्यांत शेजारचा भंडाराही होता. बालाघाट नव्या मध्यप्रदेशात राहिला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. पुढे माध्यमिक शिक्षण मंडळांसाठी महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश या दोन्ही राज्यांनी स्वतंत्र कायदे केले. योगायोग असा की, दोन्ही कायदे १९६५ सालचेच. तेव्हापासून बावनथडीच्या पलीकडच्या मुलाचा पेपर महाराष्ट्राच्या मंडळाचा, अलीकडच्या मुलाचा मध्यप्रदेशच्या मंडळाचा. दोघांचे सणवार एक, सोयरीक एक, घरी बोलायची भाषा अनेकदा एक. प्रश्न विचारणारे मात्र दोन आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत.

कलकत्ता, अलाहाबाद, नागपूर, भोपाळ. शंभर वर्षांत या प्रदेशातील मुलांना प्रश्न विचारणारे गाव इतक्यांदा बदलले. प्रत्येक वेळी पाकीट बाहेरून आले आणि उत्तरे बाहेर गेली. माझ्या मनात येथे खाणीचा विचार आल्यावाचून राहत नाही. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट १८९६ साली निघाली, तिचीच परंपरा पुढे १९६२ साली मॉइल या कंपनीत आली. मॅंगनीज येथे निघते आणि वॅगनी भरून बाहेर जाते. त्याचे पोलाद दुसरीकडे होते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही तसेच बाहेर जातात. त्यांचे गुण दुसरीकडे होतात. यात कोणाचा दुष्टपणा नाही, व्यवस्थेची ती रीत आहे. पण ज्या गावातून सतत काही बाहेर जात असते, त्या गावात बाहेरून काय येते, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

येते ते व्याख्यान. सभेतून परीक्षा वेगळी निघून बंद खोलीत गेली, तेव्हा सभेने आपले स्वतंत्र बिऱ्हाड थाटले. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टनच्या अध्यापक-विद्यार्थ्यांनी सभा स्थापून निबंध वाचायला आणि त्यांवर चर्चा करायला प्रारंभ केला. तिच्या मराठी शाखेला ज्ञानप्रसारक सभा म्हणत. या विद्यार्थ्यांनी निबंध वाचून थांबायचे नाही असे ठरविले आणि १८४९ साली मुलींच्या शाळा काढल्या. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. जो तरुण पहिल्या मॅट्रिकच्या बंद खोलीत बसला होता, त्यानेच सोळा वर्षांनी उघडी सभा भरविली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. परीक्षेत जे मिळाले नाही ते कुठे मिळवायचे, हे त्यांना ठाऊक असावे. पुढे गावोगावी ज्या व्याख्यानमाला निघाल्या, त्यांतीलच आपली ही एक.

परीक्षा आणि सभा यांचे नाते दाखविणारे दोन प्रसंग सांगतो. पहिला भीमराव आंबेडकरांचा. १९०७ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. त्यांच्या अभिनंदनासाठी झालेल्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. चरित्रकार ही सभा मॅट्रिकनंतरची म्हणून सांगतात. स्वतः बाबासाहेबांनी पुढे लिहिताना इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख केला आहे. परीक्षा कोणती, याविषयी असा फरक आढळतो. पुस्तक कोणते, याविषयी आढळत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले, त्याचा धागा बाबासाहेब त्या पुस्तकापर्यंत नेतात. गुणपत्रिका आवश्यक होती; तिच्यावाचून पुढील महाविद्यालयाचे दार उघडले नसते. पण आयुष्यभर पुरले ते सभेत हाती आलेले पुस्तक.

दुसरा प्रसंग विनायक नरहरी भावे यांचा, ज्यांना आपण विनोबा म्हणून ओळखतो. १९१६ च्या मार्च महिन्यात ते इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघाले आणि वाटेत सुरतेस उतरून काशीला गेले. त्या फेब्रुवारीतच काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या पायाभरणीच्या समारंभात गांधीजी पाहुणे वक्ते म्हणून बोलले होते. राजेमहाराजांच्या दागदागिन्यांवर त्यांनी टीका केली आणि ते भाषण पुरे होऊ शकले नाही. विनोबांनी त्या भाषणाचा वृत्तान्त काशीत वाचला. त्यांच्या मनात प्रश्न उठले, ते त्यांनी पत्राने गांधीजींना विचारले, उत्तरे आली, पुन्हा प्रश्न गेले आणि जूनमध्ये कोचरबच्या आश्रमात दोघांची भेट झाली. विद्यार्थी मित्रहो, या गोष्टीचा अर्थ उद्याच्या पेपराला न जाता कटंगीला उतरावे असा घेऊ नका. विनोबा पुढे जन्मभर ज्या निष्ठेने अभ्यास करीत राहिले तितका करण्याची तयारी असेल, तरच त्यांचा दाखला द्यावा. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या अपुऱ्या राहिलेल्या भाषणाने एका तरुणाला प्रश्न विचारायला लावले आणि वक्त्याने त्याला उत्तर दिले. भाषण तेथे संपले नाही, तेथून सुरू झाले.

या प्रदेशातील लोकांना असा वक्ता अनोळखी नाही. गाडगेबाबा विदर्भात आणि महाराष्ट्रभर हिंडले. त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते. पण त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरेच असत. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, त्या उत्तरातून ते पुढचा प्रश्न काढीत. शेवटी माणूस आपल्याच उत्तरात सापडे. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि नागपूर विद्यापीठाला २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. दोघेही कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षेला बसलेले नव्हते. विदर्भाच्या दोन परीक्षामंदिरांवर दोन सभेच्या माणसांची नावे कोरली आहेत. वेगळे निघालेल्या भावांची आठवण समाजाने निदान पाटीवर तरी ठेवली आहे.

आता मी माझ्या सल्ल्याकडे परत येतो. व्याख्याने पुढे ढकलू नयेत असे मी लिहिले, ते बरोबर होते का? काल मागच्या बाकावर बसून मला जे दिसले त्यावरून प्रामाणिकपणे सांगायचे तर, ते अर्धेच बरोबर होते. आम्ही वक्ते येतो, तासभर बोलतो, हार घेतो आणि रात्रीच्या किंवा सकाळच्या गाडीने परत जातो. सकाळी पाकीट बाहेरून येते आणि मुलांनी केवळ उत्तरे लिहायची असतात. सायंकाळी भाषण बाहेरून येते आणि मुलांनी केवळ टाळ्या वाजवायच्या असतात. मुलाला विचारण्याची जागा दोन्हीकडे नाही. व्याख्यान असेच व्हायचे असेल, तर पालकांची तक्रार रास्त आहे. मांडीवर गणिताची वही उघडणारा मुलगा बरोबर आहे आणि माझा सल्ला चुकीचा आहे. निदान गणिताला गुण तरी आहेत.

पण जुन्या जाहीर परीक्षेत जे होते आणि लेखी परीक्षेत जे राहिले नाही, ते व्याख्यानातून परत मिळविता येते. जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. तिचे वय चौदा वर्षांच्या आसपास होते. मांग-महारांची दुःखे तिने त्यात सांगितली आणि आमचा धर्म तरी कोणता, असा थेट देवालाच प्रश्न केला. ज्या शाळांत मुलींना सर्वांदेखत प्रश्न विचारले जात, त्या शाळांतून सर्वांना प्रश्न विचारणारी मुलगी निघाली. परीक्षेचे याहून मोठे फळ मी इतिहासात पाहिलेले नाही.

ही गोष्ट तिरोडीत विशेष महत्त्वाची आहे, कारण येथे भाषेचाही प्रश्न आहे. सकाळी हिंदीतून उत्तरे लिहिलेले मूल सायंकाळी येथे बसून मराठी ऐकते. घरी कोणी पोवारी बोलते, कोणी गोंडी. सरहद्दीवरच्या गावात मराठी केवळ ऐकण्याची भाषा होऊन राहिली, तर ती एका पिढीपुरती टिकेल. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींत टिकेल. तिच्यातून प्रश्न विचारले गेले, चुकतमाकत का होईना, तर ती वापरात राहील. आणि एखाद्या मुलाने हिंदीतून किंवा पोवारीतून विचारले, तर वक्त्याने त्याला मराठीत उत्तर द्यावे. त्यात मराठीचा अपमान नाही, तिचा शेजारधर्म आहे.

म्हणून माझी कार्यकारी मंडळाला एक लहानशी विनंती आहे. पुढील वर्षापासून वक्त्याला अर्धाच तास द्यावा. उरलेला अर्धा तास विद्यार्थ्यांच्या प्रश्नांचा असावा. वडील मंडळींनी त्या वेळात बोलू नये. वडील मंडळींना बोलायला वर्षभर मुभा असते. आणि ही जी पुस्तिका शाळा छापते, तिच्यात भाषणाखाली मुलांचे प्रश्न छापावेत. वक्त्याला उत्तर आले नाही, तर तेही तसेच छापावे. पन्नास वर्षांनी या शाळेचा इतिहास लिहिणाऱ्याला आमची भाषणे कदाचित उपयोगी पडणार नाहीत. अमुक साली तिरोडीच्या मुलांना काय विचारावेसे वाटले, हे मात्र निश्चित उपयोगी पडेल. आणि व्याख्यानांची तारीख? स्मृतिदिन आहे त्याच दिवशी असू द्यावा. गणिताचा पेपर मात्र आठवड्याच्या पहिल्या दिवशी ठेवता आला तर पाहावा.

ज्या गुरुजींचे स्मरण आपण करीत आहोत, त्यांनीही वर्षानुवर्षे मोहोरबंद पाकिटे फोडली असतील, घंटा वाजविली असेल, पुरवण्या मोजल्या असतील. ते काम त्यांनी चोख केले असणारच. पण इतक्या वर्षांनी, इतक्या गावांहून तुम्ही आलात ते त्यांच्या घेतलेल्या परीक्षांसाठी नव्हे. वर्ग संपल्यावर त्यांना काही विचारता येत होते, म्हणून तुम्ही आलात. ती सोय उद्याच्या मुलांसाठी चालू राहावी, एवढेच त्यांचे खरे स्मारक.

माझी वेळ संपत आली आहे, पण अर्ध्या तासाचा नियम पुढील वर्षापासून आहे, आणि मी आज तो मोडला आहे. त्याची भरपाई म्हणून मी येथेच थांबतो आणि खाली बसत नाही. मागच्या बाकावरचा तो मुलगा आज आला असेल, तर पहिला प्रश्न त्याने विचारावा. गणिताचा असला तरी चालेल. येईल तेवढे सांगेन.